घरावर सोलर, नऊ महिन्यांनंतर: लाईट गेली की आम्हीपण अंधारातच

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आधी मिटवतो. हो, लाईट गेली की आमच्याकडेपण जाते. भर दुपारी ऊन रणरणतंय, छतावर सहा पॅनेल तापून तवा झालेत आणि खाली आम्ही पेपरने वारा घेत बसलोय. हे बघून गल्लीतल्या लोकांना जो आनंद होतो तो सिस्टीमच्या किमतीत धरायला पाहिजे होता.

आमचं ऑन-ग्रिड आहे, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेलं, बॅटरी नाही. यातला इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा) लाईनमध्ये येणारी वीज बघून तिच्या तालावर चालतो, लाईन मेली की हाही क्षणात गप्प. बिघाड नाही तो, मुद्दाम तसंच केलेलं असतं, कारण नाहीतर आमच्या छतावरची वीज उलटी पोलवर जाणार आणि तिथं फ्यूज बघायला चढलेल्या वायरमनचं काय व्हायचं ते होणार. हे अण्णांना (माझे वडील, रिटायर्ड, म्हणजे घरात पूर्णवेळ इंजिनिअर) पटायला तीन महिने लागले. शेजारच्या काकांना अजून पटलेलं नाही. "मग दोन लाखाचं काय लोणचं घालतोस काय रे?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दोन लाख नाही, १ लाख ९५ हजार. सांगलीत विश्रामबागच्या बाजूला आमचं एकमजली घर आहे, त्यावर ५५० वॅटची सहा पॅनेल म्हणजे ३.३ किलोवॅट. केंद्राच्या सूर्यघर योजनेतून सबसिडी ७८ हजार. फेब्रुवारी २०२४ मध्ये आली ती योजना, पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, त्याच्या पुढे कितीही लावा, एक रुपया वाढत नाही. म्हणून सगळी गल्ली बरोब्बर तीनच बसवते, गरज दोनची असू दे नाहीतर पाचची. आणि पॅनेल डीसीआरचं पाहिजे, म्हणजे सेलपासून सगळं भारतात बनलेलं, नाहीतर सबसिडी विसरा. स्वस्तात करून देतो म्हणणारे दोघं भेटले, डीसीआरचे कागद मागितले तर दोघांचेही फोन लागेनात.

बसवायला आलेली पोरं चटपटीत होती. वायर कमी लागते म्हणून इन्व्हर्टर खाली पार्किंगमध्ये लावूया म्हणाली. अण्णा त्यांना हात धरून जिन्याकडे घेऊन गेले आणि भिंतीवरची रेघ दाखवली. २०१९ च्या पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ती पेन्सिलची रेघ, दोनदा रंग काढला घराला पण तेवढा पट्टा अण्णांनी रंगवू दिला नाही. पोरांनी काही न बोलता इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर नेला. जादा वायरीचे साडेचार हजार गेले. सांगलीत बसवणाऱ्या प्रत्येकाला माझा हा एकच फुकट सल्ला, इन्व्हर्टर वर.

मग सुरू झालं नेट मीटरची, म्हणजे आलेली आणि गेलेली वीज वेगवेगळी मोजणाऱ्या मीटरची, वाट बघणं. पॅनेल ऑक्टोबरच्या मध्याला लागली, मीटर आला दिवाळी होऊन गेल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटाला. सव्वा महिना छतावर लाखाचं सामान ऊन खात पडलेलं. चालू करून बघू का विचारलं तर पोरगं म्हणालं बिलकुल करू नका, जुना मीटर बाहेर जाणारी वीजपण आत आली म्हणून मोजतो, आपण वीज द्यायची आणि बिलपण आपणच भरायचं. वीज कंपनीच्या ऑफिसात चार चकरा मारल्या. तिथं दरवेळी नवीन माणूस आणि जुनंच उत्तर, "मीटर वरनंच आलेला नाही." वरनं म्हणजे कुठनं ते कुणालाच माहीत नव्हतं.

आता अ‍ॅप. इन्व्हर्टरला एक वायफायचा डोंगल येतो, त्यावरून मोबाईलवर दिसतं आत्ता किती बनतेय, आज किती बनली. पूर्वी पावसाळ्यात अण्णांचं एकच काम असायचं, आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी किती झाली ते दर तासाला बघायचं, ४० फूट इशारा, ४५ धोका. आता त्यांना बारा महिने पुरेल असा आकडा मिळाला. सकाळी सात वाजता "सुरू झालं गं" अशी आईला वर्दी जाते. मध्ये मी वायफायचा पासवर्ड बदलला आणि डोंगलला द्यायचा विसरलो तर नऊ दिवस अ‍ॅपवर शून्य. अण्णांनी बसवणाऱ्याला सहा फोन केले, एक फोन मला केला असता तर भागलं असतं, पण घरातल्या माणसाला कोण विचारतंय. वीज नऊ दिवस व्यवस्थित बनत होती. अ‍ॅप शेवटी हेही सांगतं की तुम्ही अमुक इतकी झाडं लावल्यासारखं झालं. झाडांचं पुढं येतं.

उत्पादन. आमचा सगळ्यात चांगला दिवस मार्चच्या पहिल्या आठवड्यातला, १६ युनिट. मे महिन्यात विक्रम होणार म्हणून अण्णा तयारीत होते. मेच्या सुरुवातीला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोब्बर डोक्यावर, अंगणात तांब्या ठेवून बघितला, सावली खरंच पायाखाली गडप. म्हटलं आज तर पैसा वसूल. संध्याकाळी अ‍ॅप बघितलं तर १३.४. कारण पॅनेलला ऊन पाहिजे असतं, उष्णता नको. डब्यावर लिहिलेले वॅट हे २५ अंशाला मोजलेले असतात आणि आपल्या छतावर मे महिन्यात पॅनेल साठीच्या घरात तापतं, दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के घट धरली तरी दहा-चौदा टक्के तिथंच गेले. शिवाय आमची पॅनेल दक्षिणेला कलती आहेत, डोक्यावरचा सूर्य त्यांना तितकासा मानवत नाही. जुलैत सरासरी सहावर आली, एक दिवस तर दोन युनिट. त्या दिवशी अण्णांनी फ्रीज बंद करायचा प्रस्ताव मांडला होता, आईने नुसतं बघितलं.

पॅनेल धुणं हा एक वेगळा छळ आहे. साखर कारखान्यांचा सीझन सुरू झाला की आणि रानात उसाचं पाचट पेटलं की ती काळी राख कुठनं कुठं उडत येते, सकाळी पॅनेलवर बोट फिरवलं तर काजळ. दर आठ-दहा दिवसांनी पहाटे जाऊन पाइप आणि लांब दांड्याचा मॉप. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका म्हणतात, मी सहालाच जातो. एकदा नुसतं कबुतरांची घाण पडलेली चार-पाच ठिकाणं पुसली तर दुसऱ्या दिवशी युनिटभर वाढलं. सगळी पॅनेल एका माळेत असतात ना, एकावर सावली आली की त्याचा भाग गळतो आणि कधी कधी बाकीच्यांनाही मागे ओढतो.

यावरून झाडं. काकांच्या अंगणातला नारळ आमच्या पश्चिमेला आहे, साडेतीननंतर त्याच्या झावळ्यांची सावली पॅनेलवर बागडायला लागते. अ‍ॅपवरचा आलेख तिथं करवतीसारखा होतो. मी दोन झावळ्या छाटता का म्हणून विचारायला गेलो तर काका म्हणाले, "पर्यावरणासाठी बसवलंस न्हवं? मग झाड तोडायला कसा आलास?" याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. नारळ मात्र दोन देऊन पाठवलं.

बिलाचं सांगतो, त्यासाठीच तर वाचताय. आधी महिन्याला २८० च्या आसपास युनिट, बिल तीन हजारांच्या आत-बाहेर. आता डिसेंबर ते जून बिलं आली दीडशे ते दोनशे. शून्य नाही. कधीच शून्य येत नाही, कारण स्थिर आकार नावाचा प्रकार तुम्ही वीज वापरा न वापरा भरायचाच असतो. भाषणात '३०० युनिट मोफत' ऐकलं की लोकांना वाटतं सरकार ३०० युनिट देतंय. सरकार सबसिडी देतंय, युनिट आपल्याच छताने बनवायचेत, आणि छत धुवायला आपणच चढायचं. तरी घाट्याचा सौदा नाही, शंभरच्या पुढच्या स्लॅबला दर जो उडी मारतो तिथंच आपली बचत होते, माझ्या हिशोबाने चार-साडेचार वर्षांत पैसे सुटतील.

एक मात्र मनाला लागलं. जादा बनलेले युनिट पुढच्या महिन्यात जमा होत जातात, तर थंडीत पंखेसुद्धा बंद असल्याने मार्चअखेर आमचे १४० साठले होते. अण्णांचा बेत होता की एप्रिल-मेमध्ये एसीला वापरू. पण हिशोब आर्थिक वर्षाचा, ३१ मार्चला खातं बंद, उरलेले युनिट कंपनी स्वस्त दराने घेते आणि १ एप्रिलला तुम्ही परत शून्यावर. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर! ज्याने हा नियम केला त्याच्या घरी बहुतेक आंब्याची अढीपण मार्चमध्येच संपत असेल. ज्यांचं नवीन बसलंय त्यांनी मार्चमध्ये गिझर, इस्त्री, काय ते सगळं उरकून घ्या.

तासगावकडचे मामा हे ऐकून हसतात. त्यांच्या पंपाला, म्हणजे साडेसात एचपीपर्यंतच्या सगळ्याच शेतीपंपांना, २०२४ पासून वीजबिल माफ आहे. "आमाला फुकट हाय की, पर रातीची येती," असं म्हणतात आणि बॅटरी घेऊन द्राक्षाला पाणी द्यायला निघतात. म्हणजे एकाला दिवसा बनते पण फुकट नाही, दुसऱ्याला फुकट आहे पण दिवसा नाही.

आणि हो, फॅमिली ग्रुपवर दर महिन्याला एक बातमी येते की शास्त्रज्ञांनी आता रात्री चालणारं, नाहीतर दहापट वीज देणारं पॅनेल शोधलं, तुम्ही घाई केलीत. अहो, १९५४ मध्ये बेल लॅबने पहिला कामाचा सिलिकॉन सेल दाखवला तो पडलेल्या उन्हातल्या सहा टक्क्यांच्या आसपास ऊर्जेची वीज करायचा, आज आमच्या छतावरचा एकवीस-बावीसचा आहे, आणि साध्या सिलिकॉनला एकोणतीसच्या जरा वर निसर्गच थांबवतो. दहापट म्हणजे दोनशे टक्के, सूर्यालाच उधार मागायला लागेल. लॅबमध्ये दोन थरांचे सेल चौतीसपर्यंत गेलेत हे खरं, पण ते आमच्या गल्लीतल्या दुकानात येईपर्यंत माझे पैसे सुटलेले असतील.

तर मार्क द्यायचेच झाले तर पाचपैकी चार. एक मीटरच्या चकरांचा आणि ३१ मार्चचा मिळून कापला.

ता.क. मागच्या आठवड्यात काकांनी पण अर्ज भरला, आम्हाला न सांगता. तीच पोरं बघायला आली होती. छतावर फिरून खाली आली आणि म्हणाली, "सगळं चांगलंय काका, फक्त सकाळी साडेदहापर्यंत सावली हाय, तो नारळ काढायला लागंल." अण्णा आमच्या गच्चीवरून ऐकत होते. तेव्हापासून दोन दिवस अ‍ॅप बघायचंच विसरलेत.