नऊ हजाराचा प्रोजेक्टर, 1913 पासूनचे पिक्चर आणि आमची आज्जी

प्रोजेक्टर घेऊन सात महिने झाले म्हणून आता लिहितोय, बॉक्स फोडला त्याच दिवशी पाच स्टार देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, या रेंजमधले सगळे एकाच साच्यातले असतात, स्टिकर तेवढं वेगळं. सोलापूरच्या नवी पेठेत 9,200 ला मिळाला, दुकानदार 11 वर अडून बसला होता, मी दोनदा पायरी उतरून गेलो तेव्हा खाली आला.

घेतला होता खरं तर मॅचसाठी. पहिल्याच रात्री मित्र जमले, भडंग, शेंगा सगळं आणलं आणि लावल्यावर कळलं की बॉलच दिसत नाही. बॅट्समन मारतोय, फिल्डर पळतायत, बॉल कुठंय ते देवाला माहीत. बॉक्सवर हजारोंच्या घरात लुमेन्स, म्हणजे उजेडाचं माप, लिहिलेत वो, पण ट्यूबलाईट चालू केली की भिंतीवर नुसता पांढरा डाग उरतो. आणि ते "फुल एचडी सपोर्ट" म्हणजे काय तर 1080 ओळींचा बारीक व्हिडिओ तो आत घेतो, बाहेर फेकतो 720 ओळींचाच, कारण आतलं पॅनल तेवढंच आहे. हे बॉक्सच्या तळाला मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं. मित्र म्हणला "फसलास बे", आणि पंधरा दिवस ते मशीन कपाटावर पडून होतं.

मग आज्जी. वय 86, आयुष्यभर विड्या वळल्या, आता गुडघे गेलेत, टीव्हीवरच्या सिरीयलींना रोज शिव्या घालते. ती एकदा म्हणली, तो तुकारामाचा पिक्चर लावतो का रे मोठा करून. यूट्यूबवर होता, लावला. आणि काय सांगू, मॅचला जे मशीन भंगार वाटलं होतं तेच इथं एकदम नीट चाललं. कारण साधं आहे, हे जुने पिक्चर नेटवर मिळतातच 360 नाहीतर 480 मध्ये, त्यामुळं 720 चं पॅनल म्हणजे उलट चैन. रंग खराब दिसायचा प्रश्न नाही कारण रंगच नाहीत. बॉलसारखं काही जोरात पळत पण नाही. त्या रात्री ठरवलं की पहिल्यापासून वर्षावर्षानं बघायचं, एका वर्षाचा एक, आवडलं तर दोन, शनिवार-रविवार.

मशीनबद्दलच आधी सांगून टाकतो म्हणजे नंतर पिक्चरवर मोकळं बोलता येईल.

पडदा. सोलापुरात राहून चादरीला तोटा नाही, पण सोलापुरी चादरीवर मोर आणि चौकडे, त्यावर तुकाराम महाराज दिसायचे कुठून. आधी साधं पांढरं बेडशीट ताणलं, फॅन लावला की राजा हरिश्चंद्र लाटांवर हलायला लागायचे, शेवटी भिंतीलाच पांढरा डिस्टेंपर मारला. जुने पिक्चर चौकोनी असतात, त्यामुळं दोन्ही बाजूंना पट्टे उरतात आणि स्वस्तातल्या प्रोजेक्टरला खरा काळा रंग जमत नाही, ते पट्टे राखाडी दिसतात आणि डोळ्याला सारखे टोचतात. त्यावर उपाय म्हणून आईनं परकराचं काळं कापड दोन्हीकडं टाचून दिलं. खर्च 140 रुपये. फरक इतका पडला की मला वाटलं नवीन मशीन आणलं.

आवाज. आतला स्पीकर म्हणजे डब्यात माशी. ब्लूटूथ लावला तर आवाज मागून येतो, ओठ आधी हलतात. जुन्या होम थिएटरला वायर जोडली तेव्हा जमलं. फॅनचा घरघर आवाज मात्र काही जात नाही, त्याचं पुढं सांगतो. एप्रिलमध्ये गच्चीवर लावला होता, रात्री साडेनऊला पण भिंत तव्यासारखी, तासाभरात मशीन तापून आपोआप बंद. मग खाली आणला आणि शेजारी कूलर ठेवला. धूळ आत जाते त्याचा एक काळा ठिपका कायमचा बसलाय डाव्या कोपऱ्यात, सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणले वॉरंटीत धूळ येत नाही. 1930 च्या पिक्चरमध्ये तो ठिपका प्रिंटचाच वाटतो म्हणून मी पण सोडून दिलं. आणि हो, नळाला पाणी यायच्या रात्री शो नसतो, ते कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही.

आता पिक्चर. 1913 चा राजा हरिश्चंद्र पूर्ण नाहीच, उरलेला तुकडा बघायचा. फाळक्यांचं खरं बघायचं असेल तर 1919 चा कालिया मर्दन. त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झालीय आणि सुरुवातीला गोष्ट चालू व्हायच्या आधी ती नुसती कॅमेऱ्यासमोर उभी राहून चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते, हसणं, रडणं, रुसणं. शंभर वर्षं झाली तरी शेजारचं पोर वाटतं. पाण्याखालच्या नागाशी मारामारी बघताना माझा सात वर्षांचा भाचा ओरडत होता, आता बोला. मूकपटाला प्रोजेक्टरची घरघर पण शोभते, मुद्दाम लावल्यासारखी.

20 च्या दशकात आपलं हाताला फार लागत नाही. देशात तेराशेच्या वर मूकपट निघाले आणि उरलेत तीसेक, त्यातले बरेच अर्धेमुर्धे. म्हणून ती वर्षं चॅप्लिन आणि बस्टर कीटनवर काढली. कीटनचा 1924 चा शेरलॉक ज्युनियर चुकवू नका, त्यात तो थिएटरात पिक्चर दाखवणारा माणूस असतो आणि झोपेत पडद्याच्या आत शिरतो. भिंतीवर बघताना तर अजूनच मजा, भाचा भिंतीला हात लावून आला.

मग 1931. आलम आरा 14 मार्चला मुंबईत मॅजेस्टिकला लागला, आपला पहिला बोलपट, आणि त्याची प्रिंटच कुठं शिल्लक नाही. वहीत 1931 लिहून ठेवलं आणि लावायला काही नाही. आज्जी म्हणली, 31 म्हणजे आपल्या हुतात्म्यांचं साल. बरोबर, 12 जानेवारीला सोलापूरच्या चौघांना इंग्रजांनी फाशी दिली, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. चार पुतळे चौकात रोज बघतो पण त्यानंतर दोनच महिन्यांनी मुंबईत लोक बोलणारा पिक्चर बघायला गर्दी करत होते हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. असं सालानुसार बघायला लागलं की होतं. त्या रात्री चॅप्लिनचा सिटी लाइट्स लावला, तो पण 1931 चाच, आंधळी फुलवाली आणि भणंग माणूस.

1932 चा अयोध्येचा राजा, मराठीतला पहिला बोलपट, व्ही. शांतारामबापूंचा, प्रभात फिल्म कंपनीचा. खरं सांगू, मला जड गेला. दुर्गाबाई खोटे आणि गोविंदराव टेंबे सेटवर उभे राहून तिथंच गातायत, कॅमेरा जागचा हलत नाही, नाटक बघितल्यासारखं. पण तो जड गेला म्हणूनच 1936 चा संत तुकाराम कळतो, चार वर्षांत काय उडी मारलीय या प्रभातवाल्यांनी. दामले-फत्तेलालांचा. विष्णुपंत पागनीस अभिनय करतायत असं एका फ्रेममध्ये वाटत नाही, आणि जिजाई पोराच्या आजारपणावरून चिडून वहाण घेऊन देवळात विठोबाला मारायला निघते तेव्हा आज्जी खुर्चीतून "बरोब्बर केलं" म्हणाली. आमच्या घरात दरवर्षी पंढरीची वारी असते, देवाशी असं भांडायला पाहिजे असं पहिल्यांदाच ऐकलं. व्हेनिसला 1937 मध्ये गौरव झाला त्याचा.

माझा सगळ्यात आवडता मात्र 1937 चा कुंकू. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली मुलगी, ती त्याला नवरा मानायलाच तयार नाही. शांता आपटे आणि केशवराव दाते. यात बॅकग्राउंड म्युझिकच नाही, घरातले रस्त्यावरचे खरे आवाज तेवढे, आणि भिंतीवरचं घड्याळ. पाच वर्षांपूर्वी आवाज कुठं ठेवायचा कळत नव्हतं आणि इथं संगीत काढूनच टाकलंय! आणि इथंच आमच्या मशीननं घात केला, इतक्या शांततेत तो फॅन म्हणजे शेजारी पिठाची गिरणी. शेवटी प्रोजेक्टर दाराबाहेर स्टुलावर ठेवला, दार अर्धं लावलं आणि फटीतून फेकला. जमलं. ज्यांना घ्यायचाय त्यांनी निदान एवढी जागा घरात आहे का बघावं.

मग झपाट्यानं. 1939 चा माणूस, त्यात एक पोलीस आणि मैना नावाची वेश्या, "कशाला उद्याची बात" मध्ये ती एकामागून एक भाषा बदलत जाते, वरच्या मजल्यावरचे तेलुगू काका नेमके तेव्हा खाली आले आणि शेवटपर्यंत बसले, तेव्हापासून शनिवारी कायम असतात. 1941 चा शेजारी, दाते आणि गजानन जागीरदार, दोन म्हातारे मित्र एक हिंदू एक मुसलमान आणि मधे धरण. काका आणि आज्जी दोघं डोळे पुसत होते. युद्धाच्या वर्षांत कच्च्या फिल्मचाच तुटवडा, तो काळ आमच्या वहीत पण पातळ आहे.

1946 ला घरात सणासारखं वातावरण होतं, डॉ. कोटणीस की अमर कहानी. आपल्या सोलापूरचे डॉक्टर, 1938 ला पाच जणांचं पथक चीनला गेलं, चौघं परत आले, हे नाही आले, 9 डिसेंबर 1942 ला तिथंच वारले, वय 32. म्हणजे जाऊन चार वर्षं होत नाहीत तोवर शांतारामबापूंनी पिक्चर काढला आणि स्वतःच कोटणीस झाले. त्यांची चिनी बायको झालेल्या जयश्रीचा मेकअप आता बघवत नाही, खोटं का बोला. पण पिक्चर संपल्यावर दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन कोटणीसांच्या स्मारकात गेलो, मी स्वतः शाळेच्या सहलीनंतर पहिल्यांदाच. पुढच्याच वर्षीचा 1947 चा लोकशाहीर रामजोशी, तो पण आपल्याच गावचा शाहीर, जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर, लागोपाठ दोन वर्षं सोलापूर, काका म्हणले तुम्ही मुद्दाम ठरवून लावताय का वो.

1951 चा अमर भूपाळी, गाणी सोडून मला झोप आली, शिव्या घाला हवं तर. 1952 ची लाखाची गोष्ट हलकीफुलकी, जेवता जेवता लावा. 1953 ची श्यामची आई, यावर मी काय बोलणार, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालेला पिक्चर, त्या दिवशी कूलर बंद ठेवायला सांगितला आईनं. 1959 ची सांगत्ये ऐका, हंसा वाडकर आणि जयश्री गडकर, आज्जीनं "बुगडी" चालू झाल्यावर आख्खं गाणं म्हणलं, शब्द एक चुकला नाही, आणि सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही तिला.

आणि 1960 चा जगाच्या पाठीवर. राजा परांजपे रस्त्यावरचा फाटका माणूस, सीमा आंधळी. पहिल्या अर्ध्या तासात भाचा म्हणला, मामा हे चॅप्लिनवालं आहे ना. सात वर्षांच्या पोराला मी कुणी शिकवायला गेलो नव्हतो, 1931 च्या रात्री तो अर्धा झोपेत होता.

तर मॅच, रंगीत पिक्चर, दिवसा उजेडात बघणं यासाठी पाचपैकी दोन. जुन्या काळ्या-पांढऱ्यासाठी चार, एक कापला फॅनसाठी. रिमोट पहिल्या महिन्यातच गेला, मोबाईलवरून चालवतो. दिवा किती तास चालतो ते बॉक्सवर 30,000 लिहिलंय, लुमेन्ससारखंच ते पण अर्धं धरा. 1961 ला प्रपंच आणि मानिनी दोन्ही लावायचेत. आज्जी मात्र दर शनिवारी एकच विचारते, पिंजरा कधी येणार, आणि मी सांगतो, आज्जी तो 72 चा, अजून अकरा वर्षं आहेत. ती म्हणते मग मधली गाळ की रे.