बिल ‘आर-१३४ए’चं, पाइपांत स्वयंपाकाचा गॅस

ज्यांच्याकडे अजून कॉन्टेसा, पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर किंवा वन-वन-एट एनई आहे आणि यंदाच्या उन्हाळ्याआधी एसीचं काम काढायचं मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गॅरेजचं नाव देत नाही, कारण प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे. पुण्यातलं आहे, एवढं पुरे.

गाडी १९९३ची कॉन्टेसा क्लासिक, इसुझूचं १.८ पेट्रोल इंजिन. एसी मूळचाच, पण त्या काळच्या आर-१२ गॅसवर चालणारा. ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या सीएफसी वायूंमधला हा एक. मॉन्ट्रियल करारानुसार २०१०पर्यंत त्यांचं उत्पादन आपल्याकडेही थांबलं. म्हणजे आता तो एसी चालवायचा तर त्याच्या जागी आलेल्या आर-१३४ए या गॅसवर आणावा लागतो, आणि नुसता गॅस बदलून ते होत नाही. जुन्या सिस्टिममधलं मिनरल ऑइल १३४एमध्ये विरघळत नाही, ते कुठेतरी साचून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडून जाम होतो. जुन्या रबरी पाइपांतून १३४ए हळूहळू झिरपून जातो, म्हणून आतून अस्तर असलेले बॅरियर पाइप लागतात. ओलावा शोषून घेणारी ड्रायरची बाटली बदलावी लागते. शिवाय १३४एला उष्णता बाहेर टाकायला जास्त चांगला कंडेन्सर हवा. जुना गोल नळ्यांचा कंडेन्सर हायवेवर कसाबसा निभावतो, पण सिग्नलला गाडी थांबली की प्रेशर चढतं आणि आत घामाच्या धारा लागतात.

हे सगळं गॅरेजवाल्याने मला स्वतःहून समजावून सांगितलं. त्याला काम येत नव्हतं असं मुळीच नाही. नवा पॅरलल-फ्लो कंडेन्सर, नवा कॉम्प्रेसर, बॅरियर पाइप, ड्रायर, १३४एला चालणारं एस्टर ऑइल, ९०० ग्रॅम आर-१३४ए असं ओळीने लिहिलेलं ४८,००० रुपयांचं बिल दिलं. “साहेब, बर्फ पडंल बर्फ. मॅडम शाल मागतील.”

गाडी मिळाली जानेवारीत, संध्याकाळी. त्याने ॲक्सिलरेटर दाबून ठेवला, माझा हात धरून व्हेंटसमोर नेला, आणि हवा खरोखरच झोंबत होती. मग एका छापील कागदावर सही घेतली: ‘एसी तपासला, समाधानकारक आहे.’ बाहेर वीस अंश असताना कुठल्या एसीची हवा गार लागणार नाही, हा प्रश्न अर्थातच त्या कागदावर नव्हता.

एप्रिलमध्ये आम्ही सोलापूरला निघालो. यवत मागे पडल्यावर बायको म्हणाली, “अहो, मी निघताना रेग्युलेटर बंद केला होता, मग हा वास कुठून येतोय?” वास ओळखीचाच होता. सिलेंडर संपत आला की स्वयंपाकघरात दरवळतो तो. गाडीत ना सिलेंडर, ना एलपीजी किट. एसी बंद केला, चारही काचा खाली घेतल्या आणि तसेच उन्हातून गेलो.

परत आल्यावर गाडी दाखवली ती एका म्हाताऱ्या एसी मेकॅनिककडे. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी बॅटरीची तार काढायला लावली, गाडी ढकलत मोकळ्या अंगणात आणली आणि सीएनजी गाड्यांची गळती शोधायचं यंत्र डॅशबोर्डखाली कूलिंग कॉइलजवळ धरलं. यंत्र किंचाळायलाच लागलं. १३४ए पेट घेत नाही, त्यामुळे त्या यंत्राने गप्प बसायला हवं होतं. “साहेब, ह्यात घरचा गॅस भरलाय,” मामा म्हणाले, आणि खिशातली विडी शेजारच्या पोराच्या हातात देऊन त्याला लांब पिटाळलं.

पुढचं मामांनी सांगितलं तेव्हा मला त्या गॅरेजवाल्याच्या डोक्याचं कौतुकच वाटलं. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. दोन्ही उत्तम रेफ्रिजरंट आहेत. थंडावा देतात, झकास देतात. मिनरल ऑइलमध्ये छान विरघळतात, म्हणजे तेल बदलायची गरज नाही. जुन्या कंडेन्सरवरही चालून जातात, म्हणजे कंडेन्सर बदलायची गरज नाही. वजनानेही कमीच लागतात, साडेतीनशे-चारशे ग्रॅमात काम भागतं. बिलात लिहिलेलं एकही महागडं काम न करता गाडी थंड करायचा हा एकच रस्ता होता आणि त्याने तोच धरला. गॅस बदलल्यामुळे बाकीची सगळी चोरी झाकली गेली. खऱ्या १३४एवर तो जुना माल पहिल्याच दुपारी उघडा पडला असता.

तसंच निघालं. ग्रिलमधून टॉर्च मारला तर कंडेन्सर मूळचाच, फक्त पत्र्या सरळ करून काळा रंग फासलेला. पॅरलल-फ्लोच्या नळ्या चपट्या आणि बारीक असतात, इथे बोटाएवढ्या गोल नळ्या नागमोडी फिरत होत्या. कॉम्प्रेसरच्या बोल्टांवरसुद्धा रंग चढलेला आणि क्लचच्या पुलीमागे गंज. पाइप जुनेच. गॅस भरायच्या तोट्यासुद्धा आर-१२च्या आट्यांच्या. १३४एच्या तोट्या मुद्दाम वेगळ्या, खटकन बसणाऱ्या ठेवल्या आहेत, दोन गॅसची सरमिसळ होऊ नये म्हणून. बॉनेट उघडून एवढी एक गोष्ट पाहता येते, त्यासाठी मेकॅनिक असावं लागत नाही. तोटी आट्यांची असेल आणि बिलावर १३४ए असेल, तर तिथेच थांबा आणि विचारा.

पैशापेक्षा मला धास्ती बसली ती दुसऱ्याच गोष्टीची. कूलिंग कॉइल डॅशबोर्डखाली, म्हणजे माणसं बसतात तिथेच असते. एलपीजी हवेपेक्षा जड, पायांशी साचतो. हवेत साधारण दोन टक्के मिसळला की पेटायला पुरतो, आणि जुन्या वायरिंगच्या गाडीत ठिणगीला तोटा नसतो. ब्लोअरचा स्विच, रिले, लायटर, काहीही पुरे. शिवाय आमच्या गॅसला वास होता म्हणून कळलं. वास न घातलेला हायड्रोकार्बन गॅसही भरला जातो, मग कळायला मार्गच नाही. याहून वाईट माल म्हणजे आर-४०, मिथाइल क्लोराइड. तो ॲल्युमिनियमवर रासायनिक क्रिया करतो. २०११मध्ये व्हिएतनाममध्ये, बोटीने माल नेणाऱ्या ज्या थंड कंटेनरांत तो भरला होता, त्यांचे स्फोट होऊन कामगार दगावले होते.

मामांच्या सांगण्यावरून एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गॅस ओळखायच्या यंत्रावर नमुना तपासून घेतला आणि त्याची छापील पट्टी जपून ठेवली. फोटोंबरोबर हीच पट्टी तक्रारीला जोडली आहे. गॅस तपासायच्या आधी भांडायला जाऊ नका. गाडी त्यांच्याच हातात गेली की पाच मिनिटांत पाइप रिकामे होतात आणि पुरावा हवेत. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जायचं असतं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकीलही सक्तीचा नाही.

काम नंतर मामांनीच केलं, सगळं नव्याने. जुने भाग माझ्यासमोर डिकीत टाकले. पाइपांतली हवा काढायला व्हॅक्यूम पाऊण तास लावला, मग पंप बंद करून गळतीने काटा हलतो का ते बघत चहा झाला. गॅस वजनकाट्यावर मोजून भरला. कंडेन्सरपुढे एक जादा इलेक्ट्रिक पंखा बसवला. हीटरचा कॉकही बदलला, कारण तो पूर्ण बंद होत नव्हता आणि गरम पाणी आत फिरतच होतं. माझ्या मते जुन्या गाड्यांच्या एसीबद्दलच्या निम्म्या तक्रारी या फुटकळ कॉकपाशीच संपतील. डिलिव्हरी मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, स्वयंपाकघरातला थर्मामीटर व्हेंटमध्ये खोचून घेतली. चालत्या गाडीत नऊ अंश, सिग्नलला उभं असताना तेरा-चौदा. बर्फ नाही पडत, पण शर्ट कोरडा राहतो.

पहिल्या गॅरेजच्या वकिलाचं उत्तर आलंय. ग्राहकाने थंड हवा मागितली होती, ती दिली, तशी त्यांची सही आमच्याकडे आहे, असं त्यात म्हटलंय. गॅस कोणता भरला, यावर त्यात एक अक्षर नाही. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.