बेदाण्याची बाग की वाइनची? आधी वेलीच्या तब्येतीचा हिशेब

द्राक्षबाग जुनी झाली, ओलांडे (वेलीचे आडवे हात) पोकळ पडले, डोळे फुटेनासे झाले की ती काढावीच लागते. मग नवी खुंटरोपं (ज्यांवर हवी ती जात कलम करतात) लावण्याआधी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ पट्ट्यात एक प्रश्न हमखास निघतो. पुन्हा बेदाण्यासाठी थॉमसन, माणिक चमन, सोनाकाच धरायची, की वाइनच्या शिराझ, कॅबरने, शेनिन ब्लांकला हात घालायचा? चर्चा बहुतेक भावावर सुरू होते आणि भावावरच संपते. माझं सांगणं असं की आधी बागेच्या तब्येतीचा हिशेब मांडा. वेल दोन्हीकडे द्राक्षाचीच, पण तिचं दुखणं वेगळं, औषधपाणी वेगळं आणि शेवटच्या महिन्यात सावरायला मिळणारी संधीही वेगळी.

सारखं काय ते आधी उरकू. एप्रिलची खरड छाटणी (नवी काडी तयार करण्यासाठी) आणि ऑक्टोबरची फळछाटणी (घड येण्यासाठी) दोन्हीला आहे. डाऊनी, भुरी, करपा हे बुरशीचे रोग आणि उडद्या, फुलकिडे, मिलीबग (पिठ्या ढेकूण) या किडी, यांना जातीचं सोयरसुतक नाही. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस हटला नाही, तेव्हा फुलोऱ्यातल्या बागांत डाऊनीने घड कुजवले, गळ झाली. असा मोसम पुन्हा आला तर वाइनची जात म्हणून सुटका नाही.

फरक सुरू होतो घडापासून. बेदाण्याच्या बागेत आपण जीए (जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संजीवक) देतो, घड लांबवतो, जादा मणी काढून विरळणी करतो, त्यामुळे मण्यामण्यांत वारा खेळतो. वाइनला मोठा मणी नकोच असतो. रंग आणि चव सालीत असते, मणी जितका लहान तितकं सालीचं प्रमाण जास्त. म्हणून तिथे जीए देऊन फुगवण करत नाहीत आणि घड मुळातल्या ठेवणीतच राहतो. शेनिन ब्लांकचा पिकायला आलेला घड हातात घेऊन बघा. मणी एकमेकांवर इतके दाबलेले असतात की बोटाने सरकत नाहीत. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडू लागल्यावर, आतला एखादा तडकला की रस शेजारच्यांवर ओघळतो, आंबूस वास सुटतो, माश्या घोंघावू लागतात. बाहेरून घड ठणठणीत दिसतो आणि आतून कुजलेला असतो. कॅबरनेचा घड त्या मानाने मोकळा, साल जाड, म्हणून कुज कमी. भुरीला मात्र ती जात हळवी आहे.

या कुजीवर खरा इलाज फवारणीच्या पंपात नाही, पाल्यात आहे. मणी धरल्यावर घडाच्या पट्ट्यातली पानं सकाळच्या उन्हाच्या बाजूने काढायची, दुपारच्या बाजूची ठेवायची. आपल्याकडचं मार्चचं ऊन बघता दोन्ही बाजू उघड्या टाकल्या तर मणी भाजतील. वाइनची बाग उभ्या ताटीवर (तारांच्या उभ्या भिंतीवर) असते, त्यामुळे हे काम डोक्यावरच्या मांडवापेक्षा सोपं जातं. पण आपला हात सैल. बेदाण्याला एकरी 10-12 टन माल काढायची सवय झालेला माणूस वाइनच्या वेलीलाही तसंच खत-पाणी देतो. पाला माजतो, सावली होते, भुरी बसते. वाइनला एकरी 5 ते 7 टनांवर थांबावं लागतं आणि थांबायला जमत नसेल तर त्या वाटेला जाऊच नये.

खुंटाचंही तेच. क्षारपड जमीन आणि तोकडं पाणी यामुळे आपल्या भागात डॉगरिज हा खुंट रुजला आणि बेदाण्याला तो चालतोही. वाइनला मात्र त्याचा जोम आडवा येतो. वाढ थांबत नाही, पोटॅश जास्त उचललं जातं आणि रसाचा सामू (पीएच) चढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो. वाइनसाठी 110 आर हा खुंट बरा. कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीपेक्षा खानापूर, जतकडची हलकी मुरमाड जमीन या पिकाला जास्त मानवते. बागायतदाराला हे पटायला जड जातं, कारण आयुष्यभर आपण भारी जमिनीलाच मान दिला.

मिलीबगवर जरा थांबतो. बेदाण्यात तो घड चिकट करतो, वर काळी बुरशी चढते, मालाची प्रत जाते. नुकसान मोठं, पण त्या हंगामापुरतं. वाइनच्या बागेत तो पानं वळवणाऱ्या विषाणूचाही वाहक ठरतो. लाल जातींत जुनी पानं तांबडी होतात, कडा खाली वळतात, शिरा हिरव्या राहतात आणि साखर वेळेवर भरत नाही. या रोगाला औषध नाही, वेल उपटावी लागते. म्हणून कलमाच्या काड्या कुठून आल्या हे विचारल्याशिवाय घेऊ नका. खरड छाटणीनंतर खोडाची सुटी साल काढा. तिच्याखाली पांढरा कापूस आणि गुलाबी किडे सापडतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर मिलीबग आहेच समजा.

फवारणीत गंधकाचं भान ठेवा. भुरीवर ते स्वस्त आणि खात्रीचं, पण वाइनच्या मालावर तोडणीच्या तोंडावर मारलं तर आंबवताना सडक्या अंड्याचा वास येतो. महिनाभर आधी हात आवरा. बेदाण्यात वेगळं दुखणं आहे. साधारण 4 किलो द्राक्षाचा 1 किलो बेदाणा होतो, म्हणजे मालावर उरलेला फवारणीच्या औषधाचा अंशही एकवटतो.

आता गिऱ्हाईक. बेदाण्याच्या द्राक्षाची साखर 22 ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) वर गेली, माल पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळीवर टाकला की पंधरवड्यात वाळतो. तेवढ्यात अवकाळी आला तर माल काळवंडतो, हा धोका खराच. पण एकदा वाळला की कोल्ड स्टोरेजला ठेवता येतो, त्यावर तारण कर्ज मिळतं, तासगाव-सांगलीच्या सौद्यात भाव बघून काढता येतो. वाइनच्या द्राक्षाला ही सोय नाही. साखर, आम्लता, सामू जुळला की पहाटे तोडून त्याच दिवशी वाइनरीच्या दारात. बिया आणि बारीक मणी, त्यामुळे खाण्याच्या बाजारात विचारत नाहीत. राज्याच्या 2001 च्या वाइन धोरणानंतर पलूसला वाइन पार्क (वाइनऱ्यांसाठीची वसाहत) झालं, आशा वाढली. 2008 नंतरच्या मंदीत मागणी घसरली आणि अनेकांना उभ्या बागा काढाव्या लागल्या. आजही वाइनऱ्यांची दाटी नाशिककडे आहे.

म्हणून दोन-तीन एकरांवर घर चालत असेल आणि लेखी करार हातात नसेल, तर बेदाणाच धरा, मी दुसरं सांगणार नाही. मुरमाड उताराची जमीन, ठिबकला खात्रीचं पाणी आणि पाच वर्षांचा करार असेल, तर एकच एकर शिराझ किंवा कॅबरनेपासून सुरुवात करा. शेनिनची कुज नवख्याला झेपत नाही. करार वाचताना साखरेबरोबर सामूची अट आहे का, कुजक्या मण्यांची किती सूट आहे, आणि माल तयार असून गाडी आली नाही तर त्या दिवसांचं नुकसान कोणाचं, हे आधी बघा. गाडीच्या उशिराचं हे तिसरं कलम करारात नसेल तर घालून घ्या, नाही म्हणाले तर सही करू नका.