एक्सपीवरून नव्या प्रिंटरवर: थेट, पीडीएफने की मधे माणूस ठेवून?

डीटीपीवाल्याच्या टेबलावर विंडोज एक्सपीचं मशीन अजून दिसतं, ते हौसेनं नव्हे. पानं जुळवायचं पेजमेकर त्यावर, जुने मराठी फॉन्ट त्यावर, आणि त्या फॉन्टचं डोंगल, म्हणजे ते चालायला लागणारी किल्ली, मागच्या पॅरलल पोर्टला. जुना लेझर प्रिंटर बसला की मात्र पंचाईत. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला, नव्या प्रिंटरचे ड्रायव्हर (संगणकाला प्रिंटरशी बोलायला लावणारं सॉफ्टवेअर) त्याला ओळखही देत नाहीत.

प्रिंटर घ्यायचाच असेल तर थेट जोडणीसारखं सुख नाही. फक्त खरेदीपूर्वी माहितीपत्रकात ‘पीसीएल ५ई’ किंवा ‘पोस्टस्क्रिप्ट’ (प्रिंटरला पान सांगायच्या या भाषा) आणि लॅनचं, म्हणजे नेटवर्कच्या वायरचं पोर्ट आहे का ते बघा. पीसीएल असेल तर एक्सपीत आधीपासूनच असलेला एचपी लेझरजेट ४ चा ड्रायव्हर निवडायचा, स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्टमध्ये प्रिंटरचा पत्ता टाकायचा, झालं. रंग मिळणार नाही, ट्रेची नावं जुळतीलच असं नाही. आणि ड्रायव्हरमध्ये कागद ‘लेटर’ राहिला, तर ए-फोरनं भरलेला ट्रे असूनही प्रिंटर कागद मागत बसतो. मी एकदा अर्धा तास कागदच काढत-घालत होतो.

‘होस्ट-बेस्ड’ किंवा ‘जीडीआय’ लिहिलेला स्वस्त प्रिंटर या कामाला घेऊ नका. त्यात पान आखायचं काम संगणकातला ड्रायव्हर करतो, आणि एक्सपीसाठी तो ड्रायव्हरच नसतो. मी सवलतीत घेतलेला तसला एक आता दुसऱ्या टेबलावर आहे.

पीडीएफला खर्च शून्य. एक्सपीवर पोस्टस्क्रिप्ट फाइल काढा, घोस्टस्क्रिप्ट या फुकट सॉफ्टवेअरने तिची पीडीएफ करा, पेन ड्राइव्हने नव्या संगणकावर न्या. फॉन्ट आत बसवले आहेत ना, हे मात्र पाहा. नाहीतर ‘श्रीगणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. महिन्याला चार पानांसाठी ठीक. पण लग्नसराईत गिऱ्हाईक समोर बसून पत्रिकेत सातव्यांदा मामाचं नाव बदलायला लावतं, तेव्हा पेन ड्राइव्ह घेऊन किती फेऱ्या मारणार?

प्रिंटर आधीच घेऊन बसला असाल तर मधला माणूस म्हणून रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक ठेवा. त्यावर कप्स हे लिनक्सवरचं छपाई सांभाळणारं सॉफ्टवेअर चालवायचं. एक्सपीत ‘एमएस पब्लिशर कलर प्रिंटर’ हा ड्रायव्हर आणि कप्सचा पत्ता द्यायचा. एक्सपी पोस्टस्क्रिप्ट पाठवतं, कप्स ते नव्या प्रिंटरच्या भाषेत बदलून देतं. एअरप्रिंटवाले (मोबाइलवरून वेगळ्या ड्रायव्हरशिवाय छापणारे) प्रिंटर यात सहसा बिनतक्रार चालतात, रंगही मिळतो. बसवायला एक संध्याकाळ आणि लिनक्सची थोडी जाण असलेला भाचा लागतो.

विंडोज १० वरून प्रिंटर शेअर करण्याचा सल्ला हमखास मिळेल. एक्सपीला फक्त एसएमबी १ ही नेटवर्कवर फाइल-प्रिंटर शेअर करायची जुनी पद्धत कळते. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच वाटेनं पसरला, आणि त्याच वर्षाअखेरीपासून विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांत ती मुळातच बंद असते. चालू करायच्या भानगडीत मी पडलो नाही.

वाट कुठलीही धरा, लॅनला जोडताना एक्सपीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये गेटवेचा (बाहेर इंटरनेटकडे जायच्या दाराचा) रकाना रिकामा ठेवा. प्रिंटर सापडतो, इंटरनेट नाही.