‘२० इंची चेन ना? बसते की!’ : चेनसॉची चेन घेताना होणारी फसवणूक

पावसाळ्याआधीची छाटणी सुरू झाली की ठाणे-नवी मुंबईत चेनसॉच्या (झाडं कापायच्या यांत्रिक करवतीच्या) चेनला एकदम मागणी येते आणि नको ती चेन गळ्यात मारण्याचे प्रकारही याच दिवसांत वाढतात. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचं काम घेतलेल्या माळीकाम ठेकेदाराचं असंच झालं. मशीन ५८ सीसीचं, बार (ज्या लांब पट्टीच्या खाचेतून चेन फिरते ती) २० इंची. दुकानात त्याने ‘२० इंची चेन द्या’ एवढंच सांगितलं. दुकानदाराने बारवरचे आकडे न बघता खोक्यातून चेन काढली, बसवली, हाताने फिरवून दाखवली आणि ओरिजिनलचे पैसे घेतले. रेन ट्रीच्या जाड फांदीत काप सरळ जाईना, एका अंगाला वळायला लागला. माणूस जोर लावत राहिला, बार तापला, चेन दोनदा उतरली. परत गेल्यावर उत्तर मिळालं, ‘वापरलेली चेन परत घेत नाही, तुम्ही दाबून कापलंत.’

दाबून कापल्याने हे झालं नव्हतं. बारची खाच १.५ मिमीची होती आणि चेन १.३ ची.

१.६ ची चेन १.५ च्या खाचेत शिरतच नाही, म्हणून ती चूक दुकानातच उघडी पडते. पातळ चेन मात्र रुंद खाचेत अलगद बसते, फिरते, ताणही घेते. गिऱ्हाईकाला वाटतं, बसली म्हणजे बरोबर. पण त्या ०.२ मिमीच्या फटीत चेन कलते, दात तिरपे लागतात आणि काप वळतो. पुढे बारची एक कड दुसरीपेक्षा जास्त झिजते, आणि मग योग्य चेन आणून घातली तरी तीही कलते. म्हणजे चुकीच्या चेनपायी बारही जातो. हे नुकसान दुकानदार कधी सांगत नाही.

इंच हे बारच्या लांबीचं माप आहे. चेन ठरते तीन गोष्टींवर: पिच (चेनच्या कड्यांमधलं अंतर), जाडी आणि खालच्या, खाचेत शिरणाऱ्या कड्यांची म्हणजे ड्राइव्ह लिंकची संख्या. बार जिथे मशीनला नटांनी आवळतात, त्या टोकाला बहुतेक वेळा हे तिन्ही आकडे कोरलेले असतात. तेल आणि भुसा पुसला की दिसतात. पुसले गेले असतील तर मोजा. सलग तीन रिव्हेट घ्या; पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर निम्मं केलं की पिच मिळतो. पूर्ण अंतर १६.५ मिमी आलं तर पिच पॉइंट ३२५ इंच, साधारण १९ आलं तर तीन-अष्टमांश इंच. जाडी खाचेत शिरणाऱ्या ड्राइव्ह लिंकची, ती व्हर्नियरने मोजायची. जुनी चेन आधीच चुकीची असू शकते, म्हणून खाचही तपासा. लिंक मोजताना सुरुवातीच्या लिंकला खडूची खूण करा. बाजारातल्या स्वस्त ५८ सीसी मशीनवर बहुधा पॉइंट ३२५, १.५ मिमी असते. २० इंचीला ७६ आणि २२ इंचीला ८६ लिंक सर्रास दिसतात. तरी अंदाजावर जाऊ नका. २० इंची बार ७८ लिंकचाही मिळतो.

पिच चुकला तर प्रकरण आणखी वाईट. स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) दातांवर चेन नीट बसत नाही, वर चढते आणि ड्राइव्ह लिंकची टोकं थोड्याच वेळात चावल्यासारखी होतात. ‘जरा चालवा, बसेल’ असं कुणी म्हणालं तर चेन तिथेच ठेवून निघा.

खोक्यावरचं नाव बघून पैसे देऊ नका, चेनवरचा ठसा बघा. ओरेगॉन कंपनीच्या आकड्यांत २० आणि २१ दोन्ही पॉइंट ३२५ च्या, पण २० म्हणजे १.३ मिमी आणि २१ म्हणजे १.५. श्टील (Stihl) कंपनीच्या चेनवर ड्राइव्ह लिंकवरचा ३ म्हणजे १.३, ५ म्हणजे १.५, ६ म्हणजे १.६. नामांकित खोक्यात बिनठशाची चेन निघाली तर समजून जा.

रोलमधून तोडून जोडलेली चेन घेण्यात गैर काही नाही, मात्र सांधा बघा. तिथली लिंक बोटाने वाकवली की बाकीच्यांइतकीच मोकळी हलली पाहिजे. हातोडीने ठोकलेला रिव्हेट एकतर जाम असतो नाहीतर तडकलेला. चालू मशीनवर चेन तुटली की तुकडा गोळीसारखा बारच्या रेषेत सुटतो. इथे पैशाचा नव्हे, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. धार लावून नवी म्हणून विकलेली चेन ओळखायची तर कटर दात बघा: लांबी कमी-जास्त, कडेला ग्राइंडरने जळल्याचा निळा डाग.

दाताच्या प्रकारातही गंडवतात. ‘फास्ट कटिंग’ म्हणून चौकोनी कोपऱ्याचा फुल चिझल जास्त किमतीला देतात. स्वच्छ, ओल्या लाकडात तो खरंच वेगाने कापतो. पण आपल्या रस्त्याकडेच्या झाडांच्या सालीत धूळ, लायटिंगच्या तारा, बोर्डांचे खिळे. त्यात तो कोपरा लगेच मरतो. इथे गोल कोपऱ्याचा सेमी चिझलच घ्या. कानसही मापाची हवी: पॉइंट ३२५ ला ४.८ मिमी, तीन-अष्टमांश लो प्रोफाइलला (कमी उंचीच्या चेनला) ४ मिमी.

दुकानात मशीन नेता आलं नाही तर बार काढून न्या. चेन बसवून, ताण देऊन, मशीन बंद असताना हातमोजा घालून दात बाजूला ढकलून बघा. चेन डोळ्यांना दिसेल इतकी कलली तर ती पातळ आहे. बिलावर नुसतं ‘चेन १ नग’ चालवून घेऊ नका; पिच, जाडी आणि लिंकची संख्या लिहून मागा. लिहायला नकार देणाऱ्याकडून घेऊच नका. फसवणूक झालीच असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. तोवर चेन आणि झिजलेला बार भंगारात देऊ नका. बिलावरची जाडी आणि चेनची प्रत्यक्ष जाडी यांतला फरक हाच तुमचा पुरावा.