कासवाचं घरटं: जागेवर राखावं की हॅचरीत हलवावं?

भाच्याचा कोकणातून फोन: ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाचं घरटं सापडलंय, जाळी लावू की अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखणीच्या कुंपणात, हलवू?

राखण दोन्हीकडे आहेच. जागेवर ठेवलं तर एकेका घरट्यासाठी कोल्ह्या-कुत्र्यांवर नजर हवी. हॅचरीत, रत्नागिरीतल्या वेळाससारखी, अनेक घरटी एकाच कुंपणात राहतात. पण हलवणं नाजूक काम. अंडी घातल्यावर काही तासांतच, अंडं न फिरवता, तेवढ्याच दीडेक फूट खोल खड्ड्यात. उशीर झाला तर आतला जीव दगावतो.

मला खरी काळजी उन्हाची. वाळू तापली की माद्याच जास्त निपजतात, फारच तापली तर पिल्लं आतच मरतात. हॅचरीवर सावली धरता येते.

भरतीचं पाणी पोहोचत असेल, कुत्री फिरत असतील, तर हलव. उंच, निवांत पुळणीवर असेल तर हात लावू नकोस.