थंडीत गॅरेजचा दरवाजा: वंगण, रबरी पट्टी की थर्मोकोल, आधी काय करावं?

पारा शून्याखाली गेला की गॅरेजच्या दरवाज्याच्या तक्रारी साधारण तीन प्रकारच्या असतात. दरवाजा कुरकुरत, अडखळत वर जातो. खालची कड जमिनीला गोठून चिकटते. किंवा दरवाजा नीट चालतो, पण आत कडाक्याची थंडी असते. पहिल्या दोन तक्रारींवर थर्मोकोलचा काहीच उपयोग नाही आणि तिसरीवर वंगणाचा नाही. म्हणून आधी आपली तक्रार नेमकी कोणती ते ओळखा. इथे विचार केला आहे तो आडव्या फळ्यांच्या, रुळांवरून छताखाली वळणाऱ्या सेक्शनल दरवाज्याचा.

काहीही विकत घेण्याआधी

दरवाजा पूर्ण बंद करा आणि ओपनरची, म्हणजे दरवाजा उघड-बंद करणाऱ्या मोटरच्या यंत्राची, लाल दोरी ओढून मोटर दरवाज्यापासून सोडवा. (दरवाजा वर असताना ही दोरी कधीच ओढू नये. स्प्रिंग तुटलेली असेल तर अख्खा दरवाजा खाली आदळतो.) आता हाताने दरवाजा कमरेएवढा उचला आणि हळूच हात काढा. तो तिथेच थांबला किंवा बोटभर सरकला, तर तोल ठीक आहे. धाडकन खाली आला तर स्प्रिंगचा ताण कमी पडतोय, आपोआप वर जायला लागला तर ताण जास्त आहे.

ही चाचणी थंडीत महत्त्वाची का? कारण दरवाज्याचं वजन मोटर नव्हे, स्प्रिंग पेलते. उन्हाळ्यात थोडा बिघडलेला तोल मोटर निभावून नेते. थंडीत वंगण घट्ट होऊन घर्षण वाढतं आणि मोटरच्या हाती असलेली थोडीशी जास्तीची ताकद त्यातच संपते. मग दरवाजा अर्ध्यात थांबतो आणि दोष मोटरला दिला जातो.

साधी टॉर्शन स्प्रिंग (दरवाज्याच्या वरच्या दांड्यावर बसवलेली, पीळ देऊन ताणलेली स्प्रिंग) सहसा १०,००० फेऱ्यांच्या हिशोबाने बनवलेली असते. एकदा उघडून बंद केला की एक फेरी. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर जेमतेम सात वर्षं होतात. गंज धरलेली, थकलेली तार थंडीत आणखी ठिसूळ वागते, त्यामुळे स्प्रिंग तुटल्याचा मोठा आवाज बऱ्याचदा गारठलेल्या सकाळीच येतो. दरवाज्याच्या वरच्या दांड्यावरच्या वेटोळ्यात काही सेंटिमीटरची फट दिसली, तर स्प्रिंग गेली असं समजा आणि मोटरचं बटण दाबू नका. टॉर्शन स्प्रिंगचा ताण बदलणं आणि सगळ्यात खालच्या रोलरची ब्रॅकेट खोलणं ही दोन कामं कारागिरावरच सोडावीत. त्या ब्रॅकेटला जोडलेली वायर स्प्रिंगच्या पूर्ण ताणाखाली असते, स्क्रू सुटला की ती ब्रॅकेट हात फोडू शकते.

वंगण: सिलिकॉन की लिथियम ग्रीस?

तोल ठीक आहे आणि तरी दरवाजा कुरकुरतोय, तर निम्मं काम इथेच होतं.

साध्या ग्रीसमधलं तेल थंडीत घट्ट होतं. रोलर फिरायचा थांबतो आणि रुळात घासत सरकतो. सिलिकॉनचा घट्टपणा तापमानाबरोबर फारच कमी बदलतो, म्हणून कडक थंडीत तो पुढे असतो. पांढऱ्या लिथियम ग्रीसची बाजू वेगळी आहे. ती जागेवर टिकून राहते आणि धातूवर धातू घासतो तिथे भार चांगला झेलते, पण धूळ धरते आणि पारा बराच खाली गेला की जड होते. शून्याच्या आसपास घुटमळणाऱ्या हिवाळ्यात दोन्ही चालतात. उणे दहा-पंधरापर्यंत जाणाऱ्या हिवाळ्यासाठी आमचा कौल स्पष्टपणे सिलिकॉन स्प्रेला आहे, आणि त्याचं आणखी एक कारण पुढे पट्टीच्या बाबतीत येईल.

घरोघरी असणारा साधा डब्ल्यूडी-४० या दोघांच्या पंक्तीत बसत नाही. तो ओल हटवायला आणि जाम झालेलं सोडवायला उत्तम आहे, पण त्याचा थर पातळ असतो आणि फार टिकत नाही. साफसफाईला वापरा, वंगण म्हणून नको.

लावण्याची पद्धत निवडीइतकीच महत्त्वाची. जुन्या काळ्या ग्रीसवर नवा स्प्रे मारला तर तो त्या चिखलातच मिसळतो. आधी टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने धातूचे भाग पुसा. रूळ आतून पुसून कोरडेच ठेवा. रुळाला वंगण लावायचं नसतं, रोलरने तिथे फिरायचं असतं, घसरायचं नसतं. मग प्रत्येक बिजागरीच्या पिनेवर आणि रोलरच्या बेअरिंगवर नळी लावून जेमतेम सेकंदभर स्प्रे मारा. नायलॉनच्या चाकाच्या कडेवर मारू नका, आणि बेअरिंग सीलबंद असेल तर तो रोलर सोडून द्या. स्प्रिंगच्या पूर्ण लांबीवर हलका थर पुरतो. वेटोळ्यांमधलं घर्षण घटतं आणि गंजही दूर राहतो. दरवाजा तीन-चार वेळा वर-खाली करा आणि ओघळ पुसून टाका. हे काम थंडी सुरू होण्याआधी एकदा आणि ऐन हिवाळ्यात एकदा.

रोलर झिजून डगमगत असतील तर कोणतंही वंगण पुरणार नाही. बदलताना पोलादी रोलरऐवजी सीलबंद बेअरिंगचे नायलॉन रोलर घ्या: आवाज कमी, आणि उघडं ग्रीस नसल्याने गोठण्याची भानगडही कमी.

खालची पट्टी: व्हिनाइल की ईपीडीएम रबर?

नव्या दरवाज्यांनाही बऱ्याचदा व्हिनाइलची, म्हणजे मऊ केलेल्या पीव्हीसीची पट्टी असते. थंडीत ती ताठ होते. जमिनीच्या चढउतारांवर दबून बसण्याऐवजी वळलेल्या आकारातच राहते, फटी पडतात आणि काही हिवाळ्यांनी तिला चिरा जातात. ईपीडीएम हे कृत्रिम रबर उणे ४० अंशांच्या आसपासपर्यंत लवचीक राहतं. बर्फ पडणाऱ्या ठिकाणी ईपीडीएमच घ्यावं, यात फार विचार करण्यासारखं काही नाही.

मात्र ईपीडीएमला खनिज तेल चालत नाही. पेट्रोलियम ग्रीस लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. म्हणून या पट्टीला फक्त सिलिकॉन लावावं, आणि मग एकच डबा बिजागऱ्यांना आणि पट्टीला दोन्हीकडे चालतो. फडक्यावर स्प्रे घेऊन पट्टीच्या खालच्या बाजूवर पुसला की पाणी तिथे धरत नाही आणि पट्टी जमिनीला चिकटण्याची शक्यता बरीच घटते.

पट्टी बदलताना जुन्या पट्टीची खाचेत सरकणारी कड मोजून घ्या. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांच्या कडा साधारण ६ आणि ८ मिलिमीटर अशा वेगवेगळ्या असतात आणि चुकीची कड एक तर खाचेत शिरत नाही किंवा निसटते. नवी पट्टी दरवाज्याच्या रुंदीपेक्षा पाचेक सेंटिमीटर लांब घ्या, खाच साबणाच्या पाण्याने ओली करा, दोघांनी मिळून सरकवा. सरकवताना रबर ताणलं जातं आणि नंतर आखडतं, म्हणून जास्तीचा तुकडा लगेच न कापता दुसऱ्या दिवशी कापा.

जमीनच उंचसखल असेल तर जमिनीला चिकटवायचा रबरी उंबरठा हा पर्याय आहे. वारा आणि बाहेरचं पाणी तो छान अडवतो. पण गाडीवरचा बर्फ वितळून आत साचलेलं पाणीही तो अडवून धरतो, म्हणून आत निचऱ्याची जाळी असेल तरच तो घ्यावा. ब्रशची पट्टी सहजी गोठत नाही, पण हवा आत येऊ देते. तिची जागा बाजूंना, खाली नाही.

इतकं करूनही दरवाजा चिकटलाच, तर बटण पुन्हापुन्हा दाबू नका. पट्टी फाटते, नाहीतर ओपनरमधला प्लास्टिकचा गियर झिजतो. मोटर सोडवा, कडेच्या बाजूने हेअर ड्रायर फिरवा, प्लास्टिकच्या खरवडणीने बर्फ मोकळा करा. कोमट पाणी ओतलं तर जागा लगेच पुसून कोरडी करा, नाहीतर तेच पाणी पुन्हा गोठतं. मीठ टाकण्याचा मोह टाळावा: खालच्या ब्रॅकेटला आणि वायरला गंज चढतो, आणि ताण नेमका तिथेच जास्त असतो.

थर्मोकोल, चंदेरी पत्रक की पीयू फोमचा नवा दरवाजा?

गॅरेज घराला जोडून असेल, वर खोली असेल किंवा आत हीटर असेल तर हा खर्च सार्थकी लागतो. स्वतंत्र, हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये नाही. उष्णतारोधक थर आतली उष्णता अडवतो, नवी निर्माण करत नाही. तिथे पैसे पट्ट्यांवर घाला.

एकेरी पत्र्याच्या दरवाज्यात आतून थर्मोकोल बसवता येतो. पीयू (पॉलीयुरेथेन) फोम त्याच जाडीत जास्त काम करतो: २५ मिलिमीटर पीयूची बरोबरी करायला साधारण ३५ मिलिमीटर थर्मोकोल लागतो. शिवाय कारखान्यात दोन पत्र्यांमध्ये भरलेला पीयू दोन्ही पत्र्यांना चिकटून फळी कडक करतो. चंदेरी बुडबुड्यांचं पत्रक पत्र्याला सपाट चिकटवलं तर फारसं काही करत नाही. चकचकीत बाजूसमोर हवेची पोकळी असेल तरच ते उष्णता परत फिरवतं. जुना दरवाजा पत्रा आणि रोलर धरून अजून धड असेल तर थर्मोकोल, खालच्या फळ्या गंजल्या असतील तर थेट पीयूचा दरवाजा.

वजनाचा हिशोब मात्र करा. पाच मीटर रुंद, २.१ मीटर उंच दरवाज्यावर ४० मिलिमीटर थर्मोकोल लावला तर सहा ते आठ किलो वाढतात. म्हणजे सुरुवातीची तोलाची चाचणी पुन्हा घ्यायची. फळ्यांच्या जोडावर दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर रुळाच्या वळणावर तुकडे एकमेकांवर दाबून निखळतात. उघडा फोम आगीत वेगाने पेटतो. घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये त्यावर काय आवरण हवं, हे तिथल्या बांधकाम नियमांत पाहून घ्या.

ओपनर

नवा घ्यायचाच असेल तर बेल्टचा घ्या. साखळीचाही थंडीत चालतो, आवाज जास्त. स्क्रूचा ओपनर मात्र लांब दांड्यावरच्या ग्रीसवर अवलंबून असतो, आणि ते घट्ट झालं की तो रेंगाळतो. आधीच बसवलेला असेल तर उत्पादकाने सांगितलेलं कमी तापमानाचं ग्रीस भरा.

दरवाजा जड चालतो म्हणून मोटरची ताकद वाढवणारा स्क्रू फिरवणं हा सर्वांत धोकादायक उपाय आहे, कारण त्याच सेटिंगवर दरवाजा अडथळ्याला टेकल्यावर मागे फिरतो. ४० मिलिमीटर जाडीची लाकडी फळी मध्यभागी जमिनीवर आडवी ठेवून दरवाजा बंद करा. फळीला टेकताच तो उलटा वर गेला पाहिजे. गेला नाही तर दुरुस्ती होईपर्यंत ओपनर वापरू नका. दरवाजा खाली येता येता विनाकारण परत जात असेल, तर ताकदीला हात लावण्याआधी जमिनीजवळच्या दोन्ही सेन्सरांच्या काचांवरचं दव किंवा हिमकण मऊ फडक्याने पुसा. आणि भिंतीवरचं बटण चालतं पण रिमोट चालत नाही, असं झालं तर गाडीत रात्रभर गारठलेल्या रिमोटची बॅटरी आधी बदला.